छोट्या गाडीला रुंद अलॉय बसवताना: ऑफसेट, ओळंबा आणि मुंबईचे रस्ते

कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की ऑपेरा हाउसच्या गल्ल्या, अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांच्या, दुकानात गिऱ्हाईक आधी डिझाइन बघतं, मग इंच विचारतं आणि शेवटी भाव करतं. चाक गाडीला नीट बसणार की नाही हे ज्या आकड्यावर ठरतं, तो या तिन्हींत कुठेच नसतो. तो रिमच्या पाठीमागे, स्पोकच्या आतल्या बाजूला किंवा चाक गाडीला जिथे बसतं त्या मधल्या भागाच्या, म्हणजे हबच्या, जवळ उठवलेला असतो आणि रिम उलटी केल्याशिवाय दिसत नाही: ईटी ३८, ईटी ४५ असा काहीतरी. हा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसणार ते सांगणारा आकडा. नटांची भोकं जुळली नाहीत तर चाक चढतच नाही, म्हणजे प्रकरण दुकानातच मिटतं. ऑफसेट चुकला तर चाक चढतं, नट आवळले जातात, गाडी घरी येते आणि चार माणसं बसवून पहिल्या स्पीडब्रेकरवर गेलं की मागून खर्र आवाज येतो. तोपर्यंत टायर चढलेला असतो आणि दुकानदार माल परत घेत नाही.

म्हणून पुढचा बराचसा मजकूर मापांबद्दल आहे. प्रत्यक्ष चाक बदलण्याचं काम एका सकाळचं आहे, त्यात फारसं काही नाही.

आधी कायदा आणि विमा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे.

यातून व्यवहारात काढायचा अर्थ सोपा आहे. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जो साइझ दिला आहे, तो सगळ्यात सुरक्षित. २०११ नंतरच्या स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ टायर येतो (रुंदी १६५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) आणि वरच्याला अलॉयवर १८५/६५ आर १५. एलिट आय-२० मध्ये खाली १८५/७० आर १४ आणि अगदी वर १९५/५५ आर १६. म्हणजे रुंद चाक त्या गाडीत बसतं हे कंपनीने स्वतः तपासून, त्यासाठी सस्पेन्शन आणि मडगार्ड मोजून दाखवलेलं आहे. माझं मत विचाराल तर दहापैकी आठ जणांनी इथेच थांबावं: वरच्या व्हेरियंटची कंपनीचीच रिम शोधावी, पीसीडी, बोअर, ऑफसेट (हे शब्द पुढे उलगडले आहेत) सगळं आपोआप जुळतं. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर नंबर देऊन नवी मागवता येते. ज्यांनी नवी गाडी घेतल्याबरोबर मोठे अलॉय घातले, त्यांनी विकून टाकलेले न वापरलेले सेटही बाजारात फिरत असतात. फक्त बिल मागा. बिलाशिवाय अर्ध्या किमतीत मिळणारा चकचकीत ‘ओरिजिनल’ सेट कोणाच्या तरी गाडीला विटांवर ठेवून आलेला असू शकतो.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. तसं केलं नाही तर रिम तडकल्यावर क्लेमच्या वेळी सर्व्हेयर पहिला प्रश्न हाच विचारतो. जुनी चाकं, निदान नट आणि एक-दोन रिम, टाकून देऊ नका. गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीच्या आरटीओत तपासणीला उभं राहावं लागतं, तेव्हा मूळ चाकावर गेलेलं बरं.

रिमवरचे आकडे

समजा रिमवर लिहिलं आहे: १५ × ६ जे, ४ × १००, ईटी ३८, सीबी ७३.१. यातलं १५ म्हणजे व्यास इंचांत. ६ जे म्हणजे रुंदी ६ इंच. ही रुंदी टायरचे दोन्ही बीड, म्हणजे रिमला घट्ट धरणाऱ्या टायरच्या कडा, जिथे बसतात तिथली असते, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतची नाही. टेप लावून कडा मोजली तर साधारण इंचभर जास्त येते, आणि ‘सात इंची आहे’ म्हणून सहा इंची रिम विकली जाते ती यामुळेच.

४ × १०० हा पीसीडी: चार भोकं, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. मारुतीच्या स्विफ्ट-बलेनो, ह्युंदाईची आय-२०, होंडाची जॅझ यांचा हाच. फोर्ड फिगोचा ४ × १०८, फोक्सवॅगन पोलोचा ५ × १००. फियाट पुंटोचा ४ × ९८ आहे आणि तो घातक आहे, कारण १०० च्या हबवर ती रिम जवळजवळ चढते. दोन नट नीट बसतात, उरलेले दोन तिरपे आवळले जातात, पाना लागला म्हणजे झालं असं वाटतं. पीसीडीत एका मिलिमीटरचीही तडजोड नाही.

सीबी म्हणजे सेंटर बोअर, मधलं भोक. स्विफ्ट आणि आय-२० च्या हबचा उंचवटा ५४.१ मिमी, जॅझचा ५६.१, पोलोचा ५७.१. बाजारातल्या रिम अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून भोक ७३.१ सारखं मोठं ठेवतात. मग रिम हबवर न टेकता फक्त नटांवर लटकते, आणि ताशी ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी ते जात नाही, कारण चाक मधोमध बसलेलंच नसतं. इलाज म्हणजे हब रिंग: बाहेरून ७३.१, आतून ५४.१. चार रिंगा, किंमत किरकोळ, पण दुकानदार स्वतःहून देत नाही, मागून घ्यावी लागते. समुद्राच्या हवेत अॅल्युमिनियमची रिंग हबला गंजून चिकटते, म्हणून शहरात वापरायच्या गाडीला मी प्लास्टिकची पसंत करतो.

नट हा वेगळा विषय. सुझुकीचे स्टड (हबवरचे बोल्ट, ज्यांवर नट चढतात) १२ × १.२५ आट्याचे, ह्युंदाई-होंडाचे १२ × १.५. चुकीचा नट हाताने एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे थांबलात तर वाचलात. हवेच्या गनने पुढे रेटला तर स्टडचे आटे गेले. शिवाय नटाची बसण्याची जागा शंकूसारखी आहे की गोलाकार, हे रिमप्रमाणे बदलतं. होंडाचे मूळ नट गोलाकार बैठकीचे असतात, बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूचे लागतात. नवीन रिमबरोबर नवीन नट घ्या आणि जुने डिकीत ठेवा, त्याचं कारण पुढे येतं.

ऑफसेटचं गणित

रिमच्या रुंदीची मधली रेषा काढा. रिम हबला जिथे टेकते तो पत्रा त्या रेषेच्या किती मिलिमीटर बाहेर आहे, तो ऑफसेट. आकडा मोठा म्हणजे चाक आत, आकडा लहान म्हणजे चाक बाहेर. रिमवर आकडा उठवलेला नसेल तर मोजता येतो: रिम पालथी ठेवा, वर सरळ पट्टी ठेवा, पट्टीपासून हबच्या बैठकीपर्यंत खोली मोजा आणि त्यातून कडेपासून कडेपर्यंतच्या रुंदीची निम्मी वजा करा. खोली १२७ मिमी, एकूण रुंदी १७८ मिमी आली तर १२७ वजा ८९, म्हणजे ईटी ३८.

आता खरा हिशेब. धरून चाला, कंपनीची रिम ५ जे, ईटी ४५ आहे आणि तुम्ही ६ जे, ईटी ३८ बघताय. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे २५.४ मिमी. निम्मी बाहेर, निम्मी आत: १२.७ आणि १२.७. ऑफसेट ७ ने कमी झाला, तेवढं संपूर्ण चाक बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला १२.७ अधिक ७, जवळजवळ २० मिमी. आतल्या बाजूला १२.७ वजा ७, जेमतेम ६ मिमी. हीच ६ जे रिम ईटी ४५ मध्ये मिळाली तर दोन्हीकडे १२.७ मिमी. आणि जी ७ जे, ईटी ३५ रिम दुकानात सगळ्यात समोर टांगलेली असते, ती बाहेर ३५ आणि आत १५ मिमी येते. छोट्या गाडीच्या मडगार्डात ३५ मिमी मोकळे असतात का, हे आता तुम्हीच ठरवा.

एवढ्यावर हिशेब संपत नाही, कारण आधी घासतो तो टायर, रिम नाही. १६५ चा टायर काढून १९५ चा घातला की रुंदी ३० मिमी वाढते, प्रत्येक बाजूला १५. ऑफसेटचे ७ धरले तर बाहेर २२, आत ८. शिवाय टायरवर छापलेली रुंदी एका ठरावीक रिमवर मोजलेली असते; रिम अर्धा इंच रुंद केली की तोच टायर साधारण ५ मिमीने पसरतो. रिम आणि टायर दोन्हींचा हिशेब करा आणि जो आकडा मोठा येईल तो धरा.

ऑफसेट फार कमी केल्याचे परिणाम घासण्यापुरतेच नसतात. चाक बाहेर गेलं की स्टीअरिंगचा फिरण्याचा बिंदू आणि टायरचा मध्य यांच्यातलं अंतर वाढतं. मग काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली उभी फट लागली की गाडी स्वतःच एका बाजूला ओढते, एकाच चाकाला खड्डा बसला की स्टीअरिंग हातातून झटका देतं, आणि व्हील बेअरिंग लवकर घूं घूं करायला लागतं. उरलेली कसर स्पेसर (हब आणि रिममध्ये घालायची चकती) लावून भरून काढू असं कोणी म्हणालं तर त्या दुकानातून निघा.

गाडीवर माप घेणं

लागणाऱ्या वस्तू: स्टीलची पट्टी, ओळंबा (दोऱ्याला बांधलेला जड नट चालतो), खडू, मोबाइलचा टॉर्च आणि ऍलन कीचा सेट. जागा सपाट हवी. सोसायटीच्या पोडियमला पाणी वाहून जायला उतार ठेवलेला असतो, म्हणून गाडी ज्या बाजूला कलली आहे ती लक्षात घेऊन दोन्ही बाजूंची मापं घ्या.

बाहेरची बाजू आधी. मडगार्डच्या कमानीच्या सर्वांत वरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरा ते टायरची फुगवटी हे अंतर मोजा. पुढचं-मागचं वेगवेगळं येतं. मागचं बहुधा कमी असतं आणि तेच निर्णायक ठरतं. २८ मिमी मिळाले तर वरच्या उदाहरणातलं २२ मिमी बाहेर येणारं चाक आत राहतं. १८ मिळाले तर टायर मडगार्डच्या बाहेर दिसेल, चिखल दारावर उडेल, आणि वाहतूक पोलिसाला लांबूनच कळेल. मडगार्डच्या कडेचा पत्रा आतल्या बाजूला दुमडलेला असतो, त्याची जाडी अंतरातून वजा करा.

हेच माप गाडीत माणसं बसवून पुन्हा घ्या. छोट्या गाड्यांचा मागचा अॅक्सल बहुतेक एकसंध बीमचा असतो, भार पडला की चाक जवळजवळ सरळ वर जातं आणि टायरचा खांदा त्या दुमडलेल्या पत्र्याच्या समोर येतो. मागच्या सीटवर तीन धडधाकट माणसं आणि डिकीत गणपतीला कोकणात जाताना असतं तेवढं सामान, ही कसोटी.

आतली बाजू दिसत नाही, म्हणून लोक सोडून देतात. पुढचं चाक डावी-उजवीकडे पूर्ण वळवून खाली वाका आणि टायर व शॉकअप यांच्यातली फट बघा. पट्टी तिथे आडवी जात नाही. ऍलन की जाते: ५, ६, ८, १० मिमी, जी अडेल ती फट. मूळ टायर आणि शॉकअपमध्ये १५ मिमी मिळाले आणि नवीन चाक ८ मिमी आत येणार असेल, तर ७ उरतात. मला यापेक्षा कमी चालत नाही. बुश जुने झाले, लोअर आर्म थोडा हलायला लागला की तेवढ्यातलेच दोन-तीन जातात.

मुंबईत आणखी एक माप आहे जे दुसऱ्या शहरातला माणूस विसरला तरी चालेल. तुमच्या इमारतीत स्टॅक किंवा पझल पार्किंग (यंत्राने गाड्या एकावर एक ठेवण्याची सोय) असेल तर पॅलेटवरच्या ज्या दोन पन्हाळ्यांत चाकं जातात, त्यांच्या उभ्या कडांमधलं अंतर मोजा. गाडीच्या दोन्ही बाजूंची चाकं मिळून ४०-४५ मिमी बाहेर आली तर रोज रात्री अलॉयची कड लोखंडावर घासायची तयारी ठेवा. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवला असेल तर रिमच टायरच्या बाहेर असते, आणि महिन्याभरात डायमंड कटची (यंत्रावर कापून चकचकीत केलेली) कड करवतीसारखी होते.

टायर

चाकाचा एकूण व्यास मूळ चाकाच्या २ टक्क्यांच्या आत ठेवा. बाहेर गेलात तर स्पीडोमीटर खोटं बोलतो, एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) हिशेब बिघडतो. व्यास काढायचा तो असा: रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक टायरच्या भिंतीची उंची दोन वेळा. १६५/८० आर १४ मध्ये भिंत १६५ च्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. एकूण सुमारे ६२० मिमी. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५, १९५/६० आर १५ चा ६१५. दोन्ही चालतात. १९५/६५ आर १५ मात्र ६३४.५ भरतो. आकड्यांत फरक ५ चा दिसतो, पण चाक दोन टक्क्यांहून मोठं झालं, लाइनरला (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) टेकायचं आणखी एक कारण मिळालं, आणि छोट्या इंजिनाचा पिकअप मेला.

रिम आणि टायरची जोडी जुळली पाहिजे. १८५/६५ ला ५ ते ६.५ जे, १९५/६० ला ५.५ ते ७ जे. म्हणजे ६ जे रिमवर दोन्ही सुखाने बसतात. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. टायरच्या भिंतीवर आयएसआयचा शिक्का असतो तो बघा, आणि उत्पादनाचे चार आकडे वाचा: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा.

किती इंच वाढवायचे? मुंबईत माझं उत्तर एक इंच, फार तर कंपनीने वर दिला असेल तेवढा. कारण भिंतीची उंची. १३२ मिमीवरून १९५/६० वर आलात तर ११७ उरतात. १९५/५५ आर १६ वर १०७. १७ इंचांवर २०५/४५ घातला तर ९२. जुलै महिन्यात घोडबंदर रोडवर किंवा सायन-पनवेल मार्गावर पाण्याखाली काय आहे ते कळत नाही, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची धारदार कड टायरला सरळ रिमपर्यंत दाबते. लोखंडी रिम अशा वेळी वाकते, हातोडीने सरळ होते. ओतीव अलॉयला तडा जातो. तडा वेल्डिंग करून देणारे आहेत; वेल्ड केलेली रिम पुढच्या चाकाला तर नकोच, स्टेपनीलाही नको.

पावसाबद्दल एक गैरसमज आहे की रुंद टायर ओल्यात जास्त पकड देतो. उभ्या पाण्यात उलटं होतं. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो अरुंद टायरपेक्षा कमी वेगाला पाण्यावर तरंगायला लागतो. खोल नक्षी, मधोमध रुंद सरळ खाचा आणि बरोबर हवा, एवढंच हातात आहे. जमलं तर हे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करा. नव्या टायरवर साच्यातून काढताना लावलेला गुळगुळीत थर असतो, पहिले दीड-दोनशे किलोमीटर तो झिजायला लागतात, आणि ते कोरड्यात झालेले बरे.

दुकानात

रिमच्या मागे आयएसआयचा ठसा, जेडब्ल्यूएल या जपानी मानकाची खूण आणि कमाल भार किलोमध्ये लिहिलेला शोधा. यातलं काहीच नसेल तर डिझाइन कितीही आवडलं तरी पुढे जा. मागच्या खोलीतून वजनकाटा आणायला सांगितलात तर दुकानदार हसेल, पण सांगा. मूळ लोखंडी रिमपेक्षा जड अलॉय घेण्यात अर्थ नाही. अलॉय हलकेच असतात हा समज कंपनीच्या चांगल्या रिमपुरता खरा. बाजारातल्या स्वस्त ओतीव रिम पुष्कळदा जड निघतात.

जुना सेट घेत असाल तर प्रत्येक रिम टायरविना बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. आतली कड समोर ठेवलेल्या बोटापासून वरखाली होत असेल तर ती खड्ड्यात गेलेली आहे. आतल्या नळीसारख्या भागावर टॉर्च तिरका धरा. नवीन रंगाखाली लांबट रेघ किंवा पुट्टीचा गुळगुळीतपणा दिसला तर तिथे वेल्ड आहे.

‘बैठ जाएगा साहेब, स्विफ्ट में रोज डालते हैं’ हे वाक्य ऐकायला मिळेलच. म्हणा, बसवून दाखवा. पहिली चाचणी नुसत्या रिमची, टायर न चढवता: पुढच्या चाकावर रिम लावा, दोन नट हाताने आवळा, फिरवा. ब्रेकच्या कॅलिपरला कुठेही टेकता कामा नये, रिमची बैठक हबवर सगळीकडून सपाट टेकली पाहिजे आणि नट पुरेसे आत गेले पाहिजेत. स्टडच्या जाडीइतके आटे धरले गेले म्हणजे पुरेसे: १२ × १.५ ला आठ फेरे, १२ × १.२५ ला साधारण दहा. अलॉयचा पत्रा लोखंडी रिमपेक्षा जाड असल्यामुळे इथेच कमी पडतं.

दुसरी चाचणी एकच टायर चढवून, आधी मागच्या आणि मग पुढच्या चाकावर. पूर्ण वळण घ्या, दुकानातल्या दोन पोरांना मागे बसवा, समोरच्या गतिरोधकावरून जाऊन या. हे सगळं झाल्यावरच उरलेले तीन टायर चढवायला सांगा. ही अट पैसे देण्याआधी बोलून ठेवा.

टायर चढवताना व्हॉल्व्ह नवीन घ्या. गाडीत हवेचा दाब सांगणारे सेन्सर असतील तर ते जुन्या रिममधून नवीनमध्ये यायला हवेत. ते काढताना मशीनचा दांडा व्हॉल्व्हच्या बाजूने घातला की सेन्सर मोडतो, तेव्हा तिथे उभे राहा. बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूला चिकटवायची घ्या, आणि चिकटवण्याआधी रिम पुसून घ्यायला लावा, नाहीतर पहिल्या पावसात ती रस्त्यावर पडतात.

चाकं बसवणं

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, तिरक्या समोरच्या चाकाखाली ओंडका. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करा, मग जॅक. जॅक दाराखालच्या पत्र्यावरच्या दोन खाचांच्या मध्ये लावायचा.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा. हे काम टायरवाला करत नाही आणि अर्ध्या थरथरीचं मूळ तिथे असतं: गंजाचा पापुद्रा एका बाजूला राहिला की रिम तिरकी बसते. हबच्या मधल्या उंचवट्याला कॉपर ग्रीसचा अगदी पुसट हात चालतो. स्टडला ग्रीस लावू नका. आटे निसरडे झाले की तेवढ्याच जोराला नट जास्त आवळला जातो.

रिंग बसवा, चाक चढवा, सगळे नट हाताने जातील तेवढे घाला. मग पान्याने समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे. जॅक काढा आणि शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने). छोट्या गाड्यांचा आकडा बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका मॅन्युअलमध्ये आहे. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. लोखंडी रिमने तो मार सोसला असता, अलॉयच्या भोकाला त्याने बारीक चीर पडते, आणि पंक्चर झाल्यावर रात्री अकराला जेव्हीएलआर रस्त्याच्या कडेला घरच्या पान्याने तो नट सुटत नाही. अलॉयमधली नटांची भोकं अरुंद असतात, तेव्हा गाडीतला जुना पाना आत जातो का तेही आजच बघून घ्या. लॉक नट लावलेत तर त्यांची चावी स्टेपनीजवळ ठेवा, कपाटात नाही.

स्टेपनी तुमची जुनीच राहणार, लोखंडी आणि अरुंद. तिला जुनेच नट लागण्याची शक्यता मोठी, म्हणून ते चार नट पिशवीत बांधून तिच्याजवळ ठेवायचे. व्यास जुळत असेल तर ती तात्पुरती चालते, पण बेताने चालवा आणि पंक्चर काढून लगेच परत बदला.

नंतरचे आठ दिवस

व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी. हवा दरवाज्याच्या कडेच्या पट्टीवर असेल तेवढी ठेवा. वरच्या व्हेरियंटचा टायर घातला असेल तर त्याचा आकडा त्याच पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. टायर रुंद झाला म्हणून कमी हवा भरायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. खड्ड्यात रिम वाचते ती हवेवर.

लाइनरच्या आतून आणि मडगार्डच्या दुमडलेल्या कडेला खडूचे जाड पट्टे ओढा आणि दोन दिवस भरल्या गाडीने, नेहमीच्या रस्त्याने फिरा. सोसायटीचा रॅम्प, फ्लायओव्हरचे जॉइंट, वळणावरचा स्पीडब्रेकर. खडू पुसला गेला तिथे टायर लागतो. नुसत्या प्लास्टिकच्या लाइनरला पूर्ण वळणावर हलकासा लागत असेल तर लाइनरचा क्लिप मागे ओढून भागतं. पत्र्याला लागत असेल तर कड ठोकून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पत्र्याचा रंग तडकतो आणि मुंबईच्या दमट हवेत पहिल्या पावसात तिथे गंज धरतो. जास्त ऑफसेटची रिम किंवा एक पायरी अरुंद टायर, हाच उपाय.

साधारण १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नवीन रंग दबतो आणि नट थोडे सैल होतात. वरळी, वर्सोवा, मार्वे अशा समुद्रालगतच्या भागात गाडी उभी राहत असेल तर दर आठवड्याला साध्या पाण्याने चाकं आतूनसुद्धा धुवा. टायरवाल्याकडची अॅसिडची बाटली रिमला लावू देऊ नका. वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या चाकातली हवा पंक्चर नसताना दर आठवड्याला दोन-तीन पौंड उतरायला लागली, तर बीडखाली खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरलेली असते. टायर उतरवून, ती जागा बारीक पॉलिश पेपरने साफ करून बीड सीलर लावला की हवा थांबते.